आतड्याचा कर्करोग: रक्ततपासण्यांवर किती खर्च करावा?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं की चाचण्यांची लांबलचक यादी हातात पडते. त्यातली सीईए ही तपासणी, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या एका प्रथिनाची मोजणी, ऑपरेशनच्या आधी चुकवू नका. खाजगी लॅबमध्ये साधारण 500 ते 1,000 रुपये लागतात, उपाशीपोटी जावं लागत नाही. आधीचा आकडाच नसेल तर नंतरचे कशाशी ताडायचे? धूम्रपान न करणाऱ्यांत तो सहसा 3च्या आत, करणाऱ्यांत 5 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत असतो. आधीच बराच वाढलेला असेल तर आजार उलटण्याचा धोका जास्त. गाठ पूर्ण निघाल्यावर चार-सहा आठवड्यांत तो उतरायला हवा. उतरला नाही तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

पुढे दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतरची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी धरली, तर 14 वेळा रक्त द्यावं लागतं. म्हणजे पाच वर्षांचे 7 ते 14 हजार रुपये. सरकारी रुग्णालयात बरंच कमी लागतं. महात्मा फुले योजनेत उपचार चालू असतील तर यातलं काय बसतं ते आरोग्यमित्राला विचारा. लॅब मात्र एकच ठेवा. वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर त्याच रक्ताचा आकडा वेगळा येतो, आणि शे-दोनशे वाचवायच्या नादात घरभर धास्ती पसरते. आकडा चढला तर आधी तपासणी पुन्हा करा. यकृताचा आजार, आतड्याची सूज, ऑक्झॅलिप्लॅटिनच्या केमोचे पहिले काही आठवडे, यांतही तो वाढतो. वाढ पक्की ठरली तर सीटी स्कॅन लागेल. काही हजार त्यासाठी बाजूला ठेवा.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे आकडे असतातच. पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारं गुणोत्तर जास्त असलं की पुढची वाटचाल अवघड, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण नुसत्या त्यावरून उपचार ठरत नाहीत. त्यासाठी वेगळं पॅकेज घेऊ नका.

रक्तातला गाठीचा डीएनए शोधणारी तपासणी हजारांच्या घरात जाते. 2022मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायनॅमिक चाचणीत दुसऱ्या टप्प्याचे 455 रुग्ण होते. डीएनएवरून ठरवल्यावर केमो 28 ऐवजी 15 टक्क्यांनाच द्यावी लागली आणि आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: या रिपोर्टने माझे उपचार बदलणार आहेत का?

आजार नसलेल्यांनी चेकअपच्या पॅकेजमध्ये सीईए घेऊ नये. सुरुवातीच्या कर्करोगात तो कित्येकदा नॉर्मलच येतो. शौचावाटे रक्त जात असेल तर ते पैसे कोलोनोस्कोपीसाठी ठेवा.