अभ्यासपाठ : राज्यपालांचा माफीचा अधिकार कुठवर?

घरातला कर्ता माणूस तुरुंगात गेला की पाड्यावर विचारतात, “राज्यपालांनी मनावर घेतले तर सुटेल ना?” या पाठात त्याचे उत्तर पाहू.

अधिकार कोणता? राज्यघटनेचा अनुच्छेद १६१ राज्यपालांना शिक्षा माफ, कमी, सौम्य किंवा तात्पुरती स्थगित करण्याचा अधिकार देतो. राष्ट्रपतींना असाच अधिकार अनुच्छेद ७२ ने आहे.

मर्यादा कशी पडली? तेव्हा बुलढाणाही मुंबई राज्यात होता. नौदल अधिकारी नानावटी यांना खुनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्याच ताब्यात ठेवले. सर्वोच्च न्यायालयात अपील करणाऱ्याने आधी तुरुंगात हजर व्हावे, असा नियम आहे. सप्टेंबर १९६० मध्ये न्यायालयाने सांगितले : अपील आमच्यापुढे असताना राज्यपालांची स्थगिती चालणार नाही. नानावटींना तुरुंगात जावे लागले. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. म्हणजे माफीचा अधिकार राहिला. न्यायालयाच्या कामात आड येण्याची वाट बंद झाली.

आणखी दोन मर्यादा :
१. राज्यपाल एकट्याच्या मर्जीने नव्हे, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात (मारू राम खटला, १९८०).
२. जात, धर्म किंवा पक्षनिष्ठा पाहून दिलेली माफी न्यायालय रद्द करू शकते. आंध्र प्रदेशातील अशी एक शिक्षामाफी २००६ मध्ये रद्द झाली.

आपल्यासाठी बोध : नानावटींच्या मागे वजनदार माणसे होती. सातपुड्यातल्या कोरकू किंवा भिल्ल कैद्यामागे कोण असते? म्हणूनच नियम त्याच्या कामाचा आहे. कैद्याला अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत करता येतो. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. त्यासाठी बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. “वर ओळख आहे, माफी आणून देतो” म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

गटात चर्चा करा :
१. माफी आणि निर्दोष सुटका यांत फरक काय?
२. दयेच्या अधिकाराला नियम नसता, तर फायदा कोणाचा झाला असता?