मराठीचे हक्क तुझ्याकडेच ठेव

पुणे, रविवार

चि. मुक्तास,


परवा शरूच्या साखरपुड्यात नंदू भेटला. जेवता जेवता त्यानं बातमी दिली, की मुक्ताचं पुस्तक दिल्लीच्या मोठ्या प्रकाशकानं घेतलं, एकरकमी चाळीस हजार देतायत, करारनामा आलाय, सही तेवढी बाकी आहे. पुस्तक घेतलं हे ऐकून मला काय वाटलं ते तुला सांगायला नको. पण पुढे तो म्हणाला, "सगळ्या भाषांचे, सगळ्या जगाचे हक्क त्यांचे. आधी इंग्रजी काढणार, मराठीचं नंतर बघणार." तो कौतुकानंच सांगत होता. माझं मात्र जेवणातलं लक्ष उडालं. सही झाली का गं?

तू स्वतः यातलं काही बोलली नाहीस. मामा मोडता घालेल असं वाटलं असेल. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू गप्प होतेस, म्हणून लिहायला बसलो. शांतपणे वाच, आणि सही झाली नसेल तर पत्र पुरं वाचून होईपर्यंत पेन हातात घेऊ नकोस.

तुझं पुस्तक दोन भाषांचं आहे. दिवाळीत तू डमी आणली होतीस ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. ओवीची एक चप्पल एसटीत राहते आणि गाडी सुटते, ते पान. इंग्रजीत तू तिथे तीन ओळी लिहिल्यास. मराठीत एवढंच: "गेली! चप्पल गेली त्र्यंबकला!" आपला शौनक ते ऐकून खदखदून हसला आणि लगेच विचारता झाला, "मग ती कुठल्या गाडीनं परत येणार?" तुझं पुढचं पान नेमकं तेच सांगतं. पोराच्या मनात प्रश्न उठावा आणि त्यानंच पान उलटावं, हे ज्याला साधतं त्याला चित्रपुस्तक कळलं. तुला ते कळलंय. आणि ते मराठीत आधी सुचलं, इंग्रजी मागून आलं, हे तुझ्या आईनंही मला सांगितलंय. ज्या भाषेत ते उगवलं तीच भाषा 'नंतर बघू' म्हणून कुणाच्या तरी कपाटात जाणार असेल, तर मला गप्प बसवत नाही.

कायद्याचं मी वाचलंय, ऐकीव सांगत नाही. १९५७च्या कॉपीराइट अधिनियमातलं कलम १९ काढून बघ. हक्क द्यायचे ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, हे कागदावर यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर तेवढे हक्क त्याच्याकडून सुटतात, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. आणि छापील करारनाम्यात ते वेगळं बहुतेकदा लिहिलेलंच असतं. 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द त्यात आहेत का ते पाहा. ही मुदत म्हणजे लेखकाचं आयुष्य आणि त्यावर साठ वर्षं. तू सत्तावीस वर्षांची आहेस. तुझ्या नातवंडांनाही ओवीची गोष्ट मराठीत छापायची झाली तर दिल्लीला परवानगी मागावी लागेल.

म्हणून इंग्रजी द्यायचं तर दे. मराठीचे हक्क तुझ्याकडे राहतील असं एक वाक्य घालून घे. ते ऐकत नसतील तर निदान एवढं तरी मागून घे, की इंग्रजी निघाल्यापासून दोन वर्षांत मराठी आवृत्ती आली नाही तर मराठीचे हक्क आपोआप परत. अशी मागणी केल्यानं कुणी पुस्तक परत पाठवत नाही. पाठवलंच, तर ते लोक कसे आहेत हे वेळेवर कळलं असं समज.

आणखी एक गोष्ट, जी नवे लेखक विसरतात. चित्रं तुझी नाहीत, त्या कोलकात्याच्या मुलीची आहेत. मराठीचे हक्क तुझ्याकडे राहिले आणि चित्रांचे दिल्लीत अडकले, तर तुझ्या हातात चोवीस पानांचा नुसता मजकूर उरेल. तेव्हा मराठी आवृत्तीला तीच चित्रं ठरावीक मोबदला देऊन वापरता येतील, हेही लिहून घे आणि तिलाही तिच्या कागदात लिहून घ्यायला सांग. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा आग्रह धर. छपाईला चार रंगांच्या चार प्लेट लागतात. अक्षरं काळ्यात असली की दुसऱ्या भाषेसाठी काळी प्लेट तेवढी बदलायची, बाकीच्या तीन तशाच चालतात. हौसेनं अक्षरं लाल-निळी केली किंवा चित्राच्या आत कोरली, की प्रत्येक भाषेला सगळा खर्च नव्यानं. मी प्रेसमध्ये हे होताना पाहिलंय. मराठीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, वर मात्रा आणि खाली उकार असतात, तेव्हा इंग्रजीच्या मापानं आखलेल्या चौकटीत मराठी कोंबू देऊ नकोस. आणि ओवीचा चेहरा मधल्या घडीत येतोय, तो डावीकडे सरकवायला सांग. हे दिवाळीत सांगायचं राहिलं होतं.

हल्ली वाटा नाहीत असं नाही. चेन्नईचं तूलिका बघ, इंग्रजीबरोबर मराठीसकट आठ भारतीय भाषांत चित्रपुस्तकं काढतात, आणि एकाच पानावर दोन भाषा असलेलीही. बंगळुरूच्या प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथली पुस्तकं खुल्या परवान्याची असतात, नाव देऊन कुणीही भाषांतर करावं, छापावं, विकावंसुद्धा. तिथे तू एखादी गोष्ट दिलीस तर मी हरकत घेणार नाही, कारण ती मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या पोरापर्यंत उघडपणे जाईल आणि तू ते जाणूनबुजून दिलेलं असेल. सगळ्यांसाठी मोकळं करणं वेगळं आणि एकाच्या कुलपात ठेवणं वेगळं.

माधुरी पुरंदऱ्यांचं उदाहरण तुला पुन्हा देतो, कंटाळलीस तरी. जे. जे.मधून शिकल्या, पॅरिसला जाऊन आल्या, पुण्यात फ्रेंच शिकवलं, भाषांतरं केली, गाणं केलं, आणि त्याच्या जोडीनं मुलांसाठी लिहीत आणि चितारत राहिल्या. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड. त्यांची पुस्तकं मराठीत पाय रोवून उभी राहिली आणि मग बाहेरच्या भाषांत गेली. या क्षेत्रात नाव एका पुस्तकानं होत नाही आणि पोटही एका पुस्तकानं भरत नाही. दीडशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के रॉयल्टी, त्यातली निम्मी चित्रकाराची. दोन हजार प्रती खपल्या तर तुझ्या वाट्याला पंधरा हजार. या हिशोबापुढे चाळीस हजार मोठे दिसणारच, मला ते कळतं. पण ते एकदाच मिळणारे आहेत. नोकरी सोडण्याचं नंदू जे म्हणाला ते खरं असेल, तर तो विचार सध्या बाजूला ठेव. शाळेतली पोरंच तुझी पहिली वाचक आहेत.

मी इतका का मागे लागलोय ते तुला माहीत आहे. शेपूटवाल्या पुस्तकाची गोष्ट तू आईकडून शंभरदा ऐकली असशील, माझ्याकडून कधी नाही. अभिनव कला महाविद्यालयाचा फॉर्म मी भरून ठेवला होता. त्याच वर्षी नाना गेले आणि मी प्रेसमध्ये लागलो. दिवसा टाइप जुळवायचा आणि रात्री माजघरात बसून चित्रं काढायची. एका प्रकाशकानं ती शेपटांची चित्रं घेतली. व्हाउचरवर सही घेतली, रोख पैसे दिले. त्यातून अक्काची, म्हणजे तुझ्या आईची, वर्षाची फी भरली, त्यामुळे त्या पैशांबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. पण पुस्तक आलं त्यात चित्रकाराचं नावच नव्हतं. मूळ चित्रं परत मागायला गेलो तर ती सापडत नाहीत म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं ते पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. अप्पा बळवंत चौकात बाहेर मांडलेलं दिसायचं, पोरं उभ्या उभ्या चाळायची, आणि मी सायकल हातात धरून बघत राहायचो. त्यानंतर मी मुलांसाठी चित्र काढलं नाही. नाव न छापल्याचं दुःख हळूहळू विरलं. हात थांबला त्याचं मात्र अजून आहे. काढत राहायला हवं होतं.

आज कलम ५७मुळे हक्क विकले तरी आपलं नाव आपल्या कामावर मागता येतं. नाव जाईल याची भीती मला तुझ्याबाबतीत नाही. माझी भीती दुसरीच आहे. मराठी पुस्तक वर्षानुवर्षं निघालंच नाही, तर तू त्याची वाट पाहशील, मग विचारणं बंद करशील, आणि एक दिवस मराठीत लिहिणंच सोडून देशील. तुझ्यात आणि माझ्यात हा स्वभाव सारखा आहे. आपण भांडत नाही, आतल्या आत मिटतो. म्हणून पुन्हा पुन्हा तेच विचारतोय.

त्या शेपूटवाल्या पुस्तकाची एक प्रत अक्कानं तेव्हा विकत आणली होती. आतल्या पानावर तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चित्रे : माझा दादा'. तीच प्रत वाचून तू मोठी झालीस. तीन वर्षांची असताना माकडाच्या शेपटीवर बोट ठेवून, "मामा, ही तू काढलीस?" म्हणून विचारायचीस. माझं नाव ज्या एकाच प्रतीवर होतं ती तुझ्या हातात होती. यापेक्षा जास्त मला काही मिळायला हवं होतं असं आता वाटत नाही.

बरंच बोलून गेलो. रागावलो असं वाटलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. सही करून टाकली असलीस तरी लपवू नकोस, मी एका शब्दानं बोलणार नाही. कागद घेऊन ये, मुदतीबद्दल काय लिहिलंय ते दोघं मिळून बघू. गोखले वकील अजून शेजारीच राहतात, ते वाचून देतील. आणि समजा तेही जमलं नाही, तरी ओवीसारख्या आणखी दहा पोरी तुझ्या वहीत आहेत, मी पाहिल्यात. त्यांना कुणी हात लावलेला नाही.

मामी म्हणते, मे महिन्यात आठ दिवस तरी राहायला ये. पुढच्या पुस्तकाची डमी मी इथे शिवून देईन, कागद आणून ठेवलाय. मजकूर बारीक असला तर मला आता वाचवत नाही, तेव्हा मराठी तूच वाचून दाखव.

जेवणाची हेळसांड करू नकोस. अक्काला आशीर्वाद सांग. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर.

तुझा,
दादामामा