प्रत, पाठभेद आणि आरसे

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण मराठीच्या तासाला 'पाठभेद' शिकताना मला आठवला तो हाच विषय.

पोस्टग्रेस ही माहिती साठवण्याची व शोधण्याची मुक्तस्रोत प्रणाली. बर्कले विद्यापीठात १९८६ साली तिचे काम सुरू झाले. तिला जोडायच्या पुरवण्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. पोस्टजीआयएस जोडले, की नकाशाची माहिती भरून सातारा-सांगली अंतर तिला विचारता येते. २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून पुरवणी एका आज्ञेने जोडता येते. मात्र ती आधी आपल्या यंत्रावर यायला हवी. यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी, पर्ल भाषेच्या सीपॅन या १९९५ पासूनच्या भांडाराच्या धर्तीवर, पीजीएक्सएन ही व्यवस्था उभारली. लेखक आपले गाठोडे मुख्य ठिकाणी सोपवतो. इतर संगणक तेथून फक्त बदललेला भाग उचलतात व आपली प्रत ताजी ठेवतात. हेच मिरर, म्हणजे आरसे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गावी रेंजसाठी माळावर जावे लागते, त्यामुळे जवळच्या प्रतीचे मोल मला कोणी शिकवावे लागले नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात लिनक्सप्रेमी विद्यार्थ्यांचा गट आहे. अशा एखाद्या गटाने आवारातच आरसा ठेवला, तर शंभर मुलांना तीच फाइल शंभरदा बाहेरून आणावी लागणार नाही.

रामदासी मठांतून दासबोध असाच पसरला. सज्जनगड-चाफळच्या परंपरेत ग्रंथ नकलून घेतला जाई, म्हणून तो टिकला. पण नकलताना अक्षर चुके, ओळ गळे. कल्याणस्वामींच्या हातची मानल्या जाणाऱ्या डोमगावच्या प्रतीला अभ्यासक एवढे महत्त्व देतात ते यामुळेच.

पीजीएक्सएनमध्ये प्रत्येक गाठोड्यासोबत 'शा-१' रीतीने काढलेला चाळीस अक्षरांचा ठसा असतो. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. उतरवलेल्या फाइलचा ठसा आपण काढून ताडून पाहायचा. नकलकाराजवळ असे साधन असते, तर पाठभेदांचे निम्मे प्रबंध लिहिलेच गेले नसते! पण आरसा चालवणाऱ्यानेच गाठोडे आणि ठसा दोन्ही बदलले तर? म्हणून गाठोडे जवळच्या आरशावरून घ्यावे, ठसा मात्र मुख्य ठिकाणचाच पाहावा. शिवाय २०१७ साली संशोधकांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन निराळ्या फाइली करून दाखवल्या. तेव्हा ठसा काढण्याची रीतही आता बदलायला हवी.