अर्जुनाची शंका आणि शेंदराखालचा लेख

गीतेच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी भगवान सांगतात, की हा अविनाशी योग मी पूर्वी विवस्वानाला सांगितला, त्याने मनूला आणि मनूने इक्ष्वाकूला. हे ऐकून अर्जुन नुसती मान डोलावीत नाही. आपला जन्म तर अलीकडचा, विवस्वानाचा फार पूर्वीचा. तेव्हा आपणच त्याला हे सांगितले असे मी कसे समजावे, असे तो सरळ विचारतो. श्रीकृष्णाविषयीची ही कालगणनेची शंका कोणा नास्तिकाने अथवा परकीय पंडिताने काढलेली नाही. ती त्याच्या परमप्रिय सख्याने त्याच्याच समोर काढली आणि ती गीतेतच नमूद आहे. नित्यपाठ करणारे आपण पाठाच्या ओघात तो श्लोक चटकन ओलांडून जातो, म्हणून ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

हा विषय घेण्यास एक प्रसंग कारण झाला. माझ्या परिचयातील एका कुटुंबात सायंकाळी गीतेचा एक अध्याय वाचण्याचा परिपाठ आहे. थोरला मुलगा महाविद्यालयात इतिहास शिकतो. एके दिवशी वाचन संपल्यावर त्याने विचारले, "बाबा, श्रीकृष्ण खरोखरच होऊन गेले याला पुरावा काय?" वडील सत्प्रवृत्त, परंतु या प्रश्नाने ते गांगरले आणि कोठेतरी ऐकलेले त्यांनी ठोकून दिले, की भगवंतांची द्वारका समुद्रात जशीच्या तशी सापडली असून शास्त्रज्ञांनी महाभारतयुद्धाचा दिवससुद्धा निश्चित केला आहे. मुलाने आठ दिवस ग्रंथालयात घालविले. ते विधान टिकले नाही. तेव्हापासून तो वाचनाला बसेनासा झाला. त्याची आई मला म्हणाली, "भाऊजी, त्याची देवावरची श्रद्धा गेली असे मला नाही वाटत, वडिलांच्या शब्दावरची गेली."

या माउलीने रोगाचे निदान अचूक केले आहे. आता मुळात पुरावा काय मिळाला आहे, हे आपण पाहू.

मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे एक दगडी स्तंभ उभा आहे. आसपासचे लोक खांबबाबा म्हणून त्याची पूजा करीत आणि त्यास शेंदूर माखीत. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम याने तो पाहिला. परंतु शेंदराच्या जाड थरामुळे त्यास लेख दिसला नाही आणि केवळ घडणीवरून त्याने तो गुप्तकाळातील ठरविला. १९०९ साली शेंदूर काढल्यावर खालून ब्राह्मी अक्षरे प्रकट झाली. तक्षशिलेचा राहणारा, दिओनाचा पुत्र हेलिओडोरस हा यवन राजा अंतलिकित याचा दूत म्हणून राजा भागभद्राकडे आला होता. त्याने देवाधिदेव वासुदेवाप्रीत्यर्थ हा गरुडध्वज उभारला आणि स्वतःस 'भागवत' म्हणवून घेतले. काळ इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे कनिंगहॅमच्या अंदाजाहून कितीतरी शतके जुना. दम, त्याग आणि अप्रमाद यांचा महिमाही तेथे कोरलेला आहे. हे गुण गीतेच्या वाचकास अनोळखी नाहीत. पुढे १९१३ ते १९१५ या काळात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तेथे उत्खनन केले. हा मुलूख तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होता. १९६३ ते १९६५ च्या उत्खननात तर स्तंभाहूनही जुन्या देवालयाचा पाया हाती लागला.

या कथेत मला एक गोष्ट फार विचार करण्यासारखी वाटते. शेंदूर माखणाऱ्या भोळ्या भक्तांनी लेख झाकला हे खरे. परंतु स्तंभ त्यांनीच राखला. ज्या जागेची पूजा बंद पडते तेथील दगड लोक घरे बांधण्यास उचलून नेतात, हे आपल्या देशातील कोणत्याही जुन्या गावी पाहावयास मिळते.

इतरही साक्षी आहेत. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात ज्या देवतांना वंदन आहे त्यांत संकर्षण आणि वासुदेव आहेत. चित्तोडजवळच्या घोसुंडी येथील लेखातही हीच दोन नावे येतात. १९७० साली अफगाणिस्तानातील आय-खानुम येथे यवन राजा अगाथोक्लिस याची नाणी सापडली. एका बाजूस नांगर धरलेला संकर्षण, दुसऱ्या बाजूस चक्रधारी वासुदेव. पाणिनीने वासुदेवाच्या भक्तास 'वासुदेवक' म्हणण्याचा नियम सांगितला आहे, आणि छांदोग्य उपनिषदात घोर आंगिरसाचा शिष्य म्हणून देवकीपुत्र कृष्णाचा उल्लेख आहे. तो हाच कृष्ण की दुसरा, यावर पंडितांचे एकमत नाही.

या सर्वांवरून काय सिद्ध होते? दोन हजार वर्षांहून अधिक काळ या देशात वासुदेवाची उपासना चालू आहे आणि तिने परकीयांचीही मने जिंकली, एवढे निःसंशय सिद्ध होते. अमुक वर्षी मथुरेच्या बंदिशाळेत जन्म झाला, हे मात्र यांपैकी एकाही दगडावर लिहिलेले नाही. द्वारकेचेही तसेच. १९८० नंतरच्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी तेथे पाण्याखाली शोध घेतला. दगडी बांधकामाचे अवशेष आणि पुष्कळ दगडी नांगर मिळाले. राव यांनी त्यांचा संबंध महाभारतातील द्वारकेशी जोडला, तर इतर संशोधकांनी त्यांतील बरेच अवशेष फार नंतरच्या काळातील मानले. युद्धाच्या काळाविषयी तर विचारूच नये. इ. स. ६३४ मधील ऐहोळेच्या शिलालेखात भारतयुद्धास ३७३५ वर्षे झाल्याचे नमूद आहे, आणि हस्तिनापूरचे उत्खनन करणारे बी. बी. लाल हे युद्ध इ. स. पूर्व नवव्या शतकाच्या आसपास ठेवतात. दोहोंत दोन हजार वर्षांहून अधिक अंतर! जेथे मर्मज्ञांमध्ये एवढा भेद आहे तेथे आपण घरात बसून दिवस निश्चित झाला असे कसे सांगावे?

परंतु पुरावा नाही म्हणून कृष्णच नाही, असे म्हणणारा तरुणही घाईच करतो. आज वाचता येणारे या देशातील शिलालेख साधारण सम्राट अशोकाच्या काळापासून, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून मिळतात. त्यापूर्वीच्या कोणाही पुरुषाचा समकालीन शिलालेख मागणे म्हणजे न पेरलेल्या शेतात कणसे शोधणे होय. भगवान बुद्धांच्याही हयातीतला लेख उपलब्ध नाही. लुंबिनीचा स्तंभ अशोकाचा, नंतरच्या काळातला. तरी बुद्ध झालेच नाहीत असे कोणी समंजस इतिहासकार म्हणत नाही.

थोरांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले? रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात वासुदेव आणि गोकुळातील गोपाळकृष्ण यांच्या कथा मुळात निराळ्या असून त्या पुढे एकत्र आल्या, असे मत मांडले. हेच भांडारकर प्रार्थनासमाजाच्या उपासनेत निष्ठेने रमत. चिकित्सेने त्यांची भक्ती आटली नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या 'गीतारहस्या'त ग्रंथाचा काळ आणि कर्तृत्व यांची चर्चा कसून केली, परंतु तिला 'बहिरंगपरीक्षण' म्हटले आणि परिशिष्टात ठेवले. ही मांडणीच पुष्कळ काही सांगते. गांधीजींनी 'अनासक्तियोगा'च्या १९२९ च्या प्रस्तावनेत महाभारतास आजच्या अर्थाने इतिहास मानले नाही. गीतेतील कृष्ण त्यांच्या दृष्टीने मूर्तिमंत शुद्ध ज्ञान होता. मला स्वतःला हे उत्तर अपुरे वाटते. संकटात हाक मारणारा संसारी माणूस एखाद्या कल्पनेस हाक मारीत नसतो. गांधीजींनीही कृष्ण झालाच नाही असे म्हटले नाही, हे मात्र विसरू नये.

आता भगवंतांचे उत्तर पाहावे. ते अर्जुनावर रागावत नाहीत. तू शंका घेतलीस म्हणून तू अभक्त, असेही म्हणत नाहीत. साक्षीदारही उभे करीत नाहीत. तुझे-माझे अनेक जन्म होऊन गेले, ते मी जाणतो, तू जाणत नाहीस, असे म्हणून ते पुढे सांगतात, की माझे जन्म आणि कर्म दिव्य आहे हे जो तत्त्वतः जाणतो तो मजकडे येतो. येथील 'तत्त्वतः' हा शब्द महत्त्वाचा आहे. जन्माची तिथी शोधणे हे इतिहासाचे काम, आणि ते त्याने कसोशीने करावे. त्या जन्माचे दिव्यत्व मात्र जाणावयाचे ते ज्ञानाने आणि आचरणाने. पहिल्याने दुसरे सिद्ध होत नाही, आणि पहिले डळमळल्याने दुसरे ढासळतही नाही. ज्याची श्रद्धा उत्खननाच्या वृत्तांतावर उभी आहे, त्याला पुढचा वृत्तांत निघेपर्यंतच स्वस्थता आहे!

याच चौथ्या अध्यायात पुढे ज्ञानाचा मार्ग म्हणून नमस्कार आणि सेवा यांच्या जोडीने परिप्रश्न सांगितला आहे, आणि त्यानंतर थोड्याच श्लोकांनी संशयात्म्याचा नाश होतो असेही म्हटले आहे. काही वडीलधारे दुसरे वचन दाखवून मुलांचे तोंड बंद करतात. हा अन्याय आहे. परिप्रश्न करणाऱ्यास उत्तर हवे असते. संशयात्म्यास कोणतेच उत्तर नको असते. त्या मुलाने वाचनाच्या बैठकीत, वडिलांच्या पायाशी बसून विचारले होते. उलट वडिलांनी जे केले ते सतराव्या अध्यायातील वाङ्मयीन तपाच्या विरुद्ध होते, कारण तेथे वाणी प्रिय आणि हितकर असावी तशीच सत्यही असावी असे सांगितले आहे. देवाच्या कैवारासाठी तिला सूट दिलेली नाही.

मी त्या गृहस्थांना बेसनगरच्या स्तंभाची हकीकत सांगितली आणि मुलापाशी चूक कबूल करण्याचे सुचविले. त्यांना ते जड गेले. पंधरा दिवस त्यांनी काही केले नाही. मग एका सायंकाळी ते मुलाला म्हणाले, "मी तुला खात्री नसलेले सांगितले. जे ठाऊक आहे ते एवढेच, की माझ्या आजोबांपासून या घरात हे नाव घेतले जाते आणि वाईट दिवसांत मी त्यावर तरलो." मुलगा काही बोलला नाही. त्याने चौथा अध्याय काढून वडिलांसमोर ठेवला आणि अर्जुनाच्या त्या प्रश्नावर बोट ठेवून विचारले, "येथे 'दिव्य' म्हणजे काय, बाबा?" वडील म्हणाले, "पुरते कळलेले नाही. वाच पुढे."