जनावरांच्या पोटातील उपकारक जंतू व त्यांची जोपासना

जंतू हा शब्द कानी पडताच रोगाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. घटसर्प, फऱ्या, काळपुळी हे रोग जंतूंमुळेच होतात व त्यांनी अनेक शेतकऱ्यांचे गोठे रिकामे केले आहेत. परंतु सर्वच जंतू घातक नसतात. दुधाचे दही करणारे जंतू आपण घरोघरी विरजणाच्या रूपाने जपतो. निरोगी जनावराच्या पोटातही असे असंख्य उपकारक जंतू वस्ती करून असतात. त्यांची जोपासना कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

कोटीपोटाचे कार्य

गाय, म्हैस, शेळी व मेंढी ही रवंथ करणारी जनावरे कडबा खाऊन जगतात. तथापि कडब्यातील तंतुमय भाग फोडणारा पाचकरस त्यांच्या शरीरात निर्माण होत नाही. ते काम कोटीपोटातील जंतू करतात. कोटीपोटातील एक मिलिलिटर रसात १,००० कोटी किंवा त्याहूनही अधिक जंतू असतात. ते वैरण आंबवून मेदाम्ले तयार करतात व गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा या मेदाम्लांपासून मिळते. पुढे हेच जंतू रसाबरोबर चौथ्या पोटात उतरून स्वतः पचले जातात व गाईला प्रथिने पुरवितात. म्हणून गाईला चारा घालणे म्हणजे प्रथम या जंतूंना चारा घालणे होय.

कोटीपोटातील रसाचा सामू सर्वसाधारणपणे ६ ते ७ असतो. जनावराने एकाएकी भरपूर धान्य, पीठ किंवा लग्नसमारंभातील उरलेला भात व पोळ्या खाल्ल्यास त्यातील पिष्टापासून लॅक्टिक आम्ल बनविणारे जंतू बेसुमार वाढतात. सामू ५.५ च्या खाली जातो, तंतू फोडणारे जंतू मरू लागतात, रवंथ थांबते व वेळीच उपाय न झाल्यास जनावर दगावते. म्हणून आहारातील कोणताही बदल एकदम न करता दहा ते पंधरा दिवसांत हळूहळू करावा. अशा प्रकारे बिघडलेले पोट पुन्हा मार्गावर आणण्यासाठी निरोगी जनावराच्या कोटीपोटातील ताजा रस आजारी जनावरास पाजण्याची पद्धत पशुवैद्यकात फार पूर्वीपासून रूढ आहे. हा उपचार मात्र पशुवैद्याकडूनच करवून घ्यावा.

नवजात वासरू

जन्माच्या वेळी वासराचे आतडे जवळजवळ जंतुरहित असते. पुढील काही तासांत तेथे जंतूंची वस्ती सुरू होते. प्रथम कोणते जंतू येतात, यावर वासराचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते. गोठा ओला व शेणाने भरलेला असेल, तर हगवणीचे जंतू आधी प्रवेश करतात. गाईच्या गर्भाशयातून वासरास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत; ती केवळ चिकातून मिळतात. ही द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची शक्ती तासागणिक कमी होत जाते व २४ तासांत जवळजवळ नाहीशी होते. जार पडेपर्यंत वासरास चीक पाजावयाचा नाही, असा समज काही ठिकाणी आहे. तो अत्यंत हानिकारक आहे. जारेची वाट न पाहता पहिल्या दोन तासांच्या आत चीक पाजावा. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे २५ किलो वजनाच्या वासरास सुमारे अडीच लिटर चीक पहिल्या काही तासांत मिळावयास हवा.

कोंबडीची पिल्ले

देशी कोंबडी आपली पिल्ले घेऊन उकिरड्यावर फिरते, तेव्हा आईच्या विष्ठेतील उपकारक जंतू पिल्लांच्या पोटात सहज जातात. यंत्रात उबविलेल्या पिल्लास आई भेटत नाही. त्यामुळे त्याचे आतडे पहिले काही दिवस मोकळ्या शेतासारखे असते, व मोकळ्या शेतात तण आधी माजते. फिनलंडमधील नुर्मी व रांताला या शास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना दिले. त्या पिल्लांत साल्मोनेला जंतूंना थारा मिळाला नाही. चांगल्या जंतूंनी जागा व अन्न आधीच व्यापले, की वाईट जंतूंना पाय रोवता येत नाहीत, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

प्रतिजैविकांचा प्रश्न

सन १९५० च्या सुमारास असे आढळून आले, की खाद्यात अल्प प्रमाणात प्रतिजैविके मिसळल्यास कोंबड्या व डुकरे लवकर वाढतात. ही प्रथा जगभर पसरली. परंतु सतत मिळणाऱ्या अल्प मात्रेमुळे जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. असे निर्ढावलेले जंतू माणसांतही पसरतात व मग घरातील आजारी मूल त्याच औषधाने बरे होत नाही. याच कारणास्तव स्वीडनने १९८६ साली व युरोपीय संघाने २००६ साली वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी केली. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत व त्यांच्या खाद्यात वापरण्यास मनाई केली. उपकारक जंतूंचे महत्त्व वाढण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

पशुपालकांसाठी सूचना

१. बाजारात मिळणाऱ्या प्रोबायोटिक पुड्यांत लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस इत्यादी जंतू किंवा यीस्ट असते. खरेदी करताना जंतूंचे नाव, त्यांची संख्या व मुदतीची तारीख पाहावी.

२. हे जंतू जिवंत असतील तरच उपयोगी पडतात. पुडी थंड व कोरड्या जागी ठेवावी. औषध गरम पाण्यात अथवा क्लोरिन घातलेल्या पाण्यात मिसळू नये.

३. प्रतिजैविके चालू असताना हे जंतू दिल्यास ते बहुधा मरतात. औषधाचा क्रम संपल्यावर ते देणे अधिक फायद्याचे असते.

४. जन्मानंतरचे पहिले दिवस, दूध तोडण्याची वेळ, लांबचा प्रवास व आहारातील बदल या प्रसंगी त्यांचा उपयोग अधिक होतो. निरोगी व नीट पोसलेल्या जनावरात फरक क्वचितच दिसतो. तेथे खर्च करण्यापूर्वी विचार करावा.

५. हगवण लागलेल्या वासरास केवळ या पुड्यांवर ठेवू नये. वासरू दगावते ते मुख्यतः अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने. त्यास क्षार-साखरेचे पाणी वारंवार पाजावे व पशुवैद्यास त्वरित बोलवावे.

६. वासरास दुसऱ्या आठवड्यापासून थोडे भरडलेले धान्य, पेंड व स्वच्छ पाणी ठेवावे. त्यामुळे कोटीपोटाची वाढ लवकर होते.

कोरडा गोठा, वेळेवर चीक व बेताबेताने बदललेला आहार यांना फारसा खर्च येत नाही. प्रथम या तीन गोष्टी साधाव्यात आणि मगच विकतच्या जंतूंकडे वळावे. असे केल्यास पुडीवर खर्च केलेला पैसाही वाया जाणार नाही.