पोत्यातून येतो, गादीत राहतो

१९७२ साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात पॅरागूल्ड या लहानशा गावात पोटाच्या विकाराची साथ आली. माग काढता काढता तपास आधी गावातल्या एका रेस्टॉरंटपाशी, तिथून मिसिसिपीतल्या एका पोल्ट्रीपाशी आणि शेवटी खाद्यापाशी जाऊन थांबला. त्या खाद्यात पेरू देशातून आलेली मासळीची भुकटी होती आणि भुकटीत ‘साल्मोनेला अगोना’ हा जिवाणू. त्याच सुमारास तो ब्रिटन, नेदरलँड्स आणि इस्रायलमध्येही सापडू लागला होता.

शेडमध्ये मर सुरू झाली की पोल्ट्रीवाला आधी पिल्लांना दोष देतो, मग हवेला, मग पाण्याला. पोत्यावर संशय जातो तो सगळ्यात शेवटी, कारण खाद्य कोरडं असतं आणि वासही चांगला येतो. पण साल्मोनेला कोरड्या खाद्यात वाढला नाही तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतो. गोळी खाद्य बनवताना उष्णतेने तो मरतो हे खरं. मात्र कूलरमध्ये ओल धरली, गोदामात उंदीर फिरले, की शुद्ध झालेलं खाद्य पुन्हा बाटतं.

एक दिवसाच्या पिल्लाला धोका सर्वात जास्त. त्याच्या आतड्यात चांगल्या जिवाणूंची वस्ती अजून झालेली नसते, त्यामुळे जो आधी पोचेल तो जागा धरतो. फिनलंडच्या एस्को नुर्मी यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिलं: निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले, तर साल्मोनेलाला सहसा जम बसवता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात खाद्य आणि गादी, म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं तूस, यांत हयगय नको.

गादीचं खरं रूप पावसाळ्यात कळतं. इगतपुरीसारख्या भागात आषाढ-श्रावणात भाताचं तूस वाळतच नाही. त्यात ड्रिंकर गळका असला, की त्याखाली काळी, चिकट ढेप तयार होते. मूठभर तूस दाबून पाहावं. मूठ उघडल्यावर ते सुटलं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओल जास्त आहे. अमोनिया जोखायचा तर खाली बसावं. उभ्या माणसाच्या नाकाला जे जाणवत नाही, त्यात पिल्लं दिवसरात्र श्वास घेत असतात. अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर खराब होतं, मग धुळीतला ई. कोलाय आत शिरतो. असा मेलेला पक्षी उघडला तर काळीज आणि हृदयावर पिवळसर-पांढरा पापुद्रा दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही.

ओली ढेप त्याच दिवशी काढून बाहेर टाकावी, तिच्यावर नुसतं नवं तूस पसरू नये. गादी रोज खालीवर करावी. खाद्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवावीत. दुसऱ्या पोल्ट्रीवरून आलेलं जुनं बारदान वापरू नये, मग ते कितीही स्वस्त मिळो. लॉट निघाल्यावर सगळी गादी उचलून, शेड धुऊन, चुना मारून ते काही दिवस रिकामं ठेवावं. घाईने भरलेल्या शेडमध्ये मागच्या लॉटचा रोग पुढच्याला लागतो.

आणि मर वाढली तर आधी अँटिबायोटिक सुरू करू नये. कोलिस्टिनला तर २०१९ पासून देशात पशुपक्ष्यांसाठी बंदीच आहे. ताजा मेलेला पक्षी पिशवीत घालून, बर्फात ठेवून पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात किंवा जवळच्या प्रयोगशाळेत न्यावा, सोबत चालू पोत्यातलं थोडं खाद्यही. औषध सुरू झाल्यावर नेलेल्या नमुन्यात जिवाणू अनेकदा सापडतच नाही.