सरस-खडूचे अस्तर : पाया पक्का, तर माल पक्का

लाकडी फळीवर रंगकाम, अक्षरलेखन किंवा सोनेरी वर्खाचे काम करणाऱ्या कारागीर बांधवांची एक तक्रार नेहमीची असते. माल दिला तेव्हा उत्तम होता, पण काही महिन्यांतच तडे गेले, पापुद्रे सुटले. दोष रंगाला दिला जातो. रंगाखालच्या अस्तराकडे मात्र कोणी पाहत नाही. म्हणून या अंकात आम्ही अस्तराची माहिती देत आहोत.

युरोपात या अस्तराला 'गेसो' म्हणतात. इसवी सन १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने आपल्या ग्रंथात त्याची कृती लिहून ठेवली. इटलीत जिप्सम, तर आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडे खडू वापरीत. चिकटवणारा पदार्थ दोन्हीकडे एकच, म्हणजे जनावरांच्या कातड्याचा सरस.

कृती अशी आहे. ७० ग्रॅम सरस १ लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी ते भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून सरस विरघळू द्यावा. उकळी कधीही येऊ देऊ नये. उकळल्यास सरसाची पकड जाते. हे पाणी फळीच्या दोन्ही बाजूंना लावून वाळवावे. एकाच बाजूला लावल्यास फळी वाकते. फळीला जोड असेल तर त्यावर धुतलेले सुती कापड सरसात भिजवून चिकटवावे.

नंतर एक वाटी कोमट सरसपाण्यात सुमारे दीड वाटी चाळलेली खडूची पूड हळूहळू सोडावी. जोराने घुसळल्यास बुडबुडे येतात व अस्तराला टाचणीएवढी छिद्रे पडतात. खडूऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिस थेट मिसळू नये, ते भांड्यातच घट्ट होते. चेन्नीनीच्या कृतीत ते महिनाभर भरपूर पाण्यात ठेवून रोज ढवळतात. मग त्याचा घट्ट होण्याचा गुण जातो.

पहिला थर बोटांनी चोळून लावावा. पुढचे थर ब्रशने, एक उभा व एक आडवा. आधीच्या थराची चकाकी गेली, पण ओल आहे, तेव्हाच पुढचा द्यावा. ८ थर एकाच दिवशी पुरे करावेत. काही दिवस वाळवून मग पॉलिश पेपरने घासावे.

सर्वांत महत्त्वाचा नियम एकच : वरचा थर खालच्या थरापेक्षा कडक असता कामा नये. मिश्रण दिवसभर गरम राहिले की पाणी उडते, सरस दाट होतो आणि शेवटचे थर सर्वांत कडक बनतात. वाळताना तेच आकसतात व खालच्या थरांना ओढून तडे पाडतात. म्हणून भांडे झाकावे आणि मधूनमधून वजन करून घटलेले पाणी भरून काढावे. उलट सरस कमी पडला तर अस्तर बोटाला पांढरे लागते.

दुकानात तयार मिळणारा ॲक्रिलिक गेसो हा वेगळा माल आहे. त्यावर वर्ख घोटून चकाकी आणता येत नाही. सरसाचे अस्तर मात्र ठिसूळ असते. ते ताणलेल्या कापडावर लावू नये.

प्रत्येक दुकानातील सरस सारखा नसतो. म्हणून नवा सरस आणला की आधी लहान तुकड्यावर नमुना करून पाहावा. आठ थरांचा वेळ व मजुरी दर सांगतानाच हिशोबात धरावी. परत आलेल्या मालाचा खर्च त्याहून जास्त असतो, आणि गेलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही.